‘डांके’ म्हटलं की ताट उचलतात

पत्र

माझी सोळा वर्षांची मुलगी दहावीनंतर एका विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून ऑगस्टमध्ये जर्मनीला गेली आहे. उत्तरेकडच्या लहानशा गावात, आई-वडील आणि तेरा वर्षांची मुलगी अशा घरी राहते. पहिले दोन महिने छान गेले. नोव्हेंबर लागला आणि सगळं बिघडलं. घरातले आता पूर्वीसारखं बोलत नाहीत म्हणते. रात्री गार ब्रेड, चीज, काकडी एवढंच जेवण. काही पुढं केलं आणि हिने सभ्यपणे ‘डांके’ म्हणजे थँक यू म्हटलं, की वाढायच्या आधीच ताट दुसरीकडं सरकवतात. पोरगी खोलीत जाऊन मी दिलेल्या चिवड्यावर झोपते. स्वतःचे कपडे धुवायला लावतात, भांडी मशीनमध्ये लावायला सांगतात. परवा तर तिथल्या बाईंनी समन्वयकांमार्फत मेल पाठवला, की मुलगी सारखी फोनवर असते, दार लावून बसते, बाथरूमभर पाणी करते आणि जेवताना उठून जाते. मी रोज रात्री सगळं आवरून अकराला फोन करते, तेवढाच तिला आधार. दिवाळीत दोघी फोनवर रडलो. तिचे बाबा म्हणतात घर बदलून मागू, सासूबाई म्हणतात परत आणा. परक्याच्या दारात पोर उपाशी राहते हे मला सहन होत नाही. काय करू? आणि तुपातले डिंकाचे लाडू पाठवले तर चालतील का?

– एक आई, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही त्या बाईंचा रागच आला. दुसऱ्या वेळी मात्र कागद घेऊन वेळेचं गणित मांडलं. ते आधी सांगते, कारण तुमच्या निम्म्या दुखण्याचं मूळ मला तिथं दिसतंय.

आपलं घड्याळ बारा महिने एकच चालतं. तिकडं तसं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळे घड्याळ एक तास मागं घेतात. म्हणजे ऑगस्टपासून तुमच्यात आणि लेकीत साडेतीन तासांचं अंतर होतं, ते आता साडेचार झालंय. तुमचे रात्रीचे अकरा म्हणजे आधी तिथले संध्याकाळचे साडेसात. तेव्हा त्यांची जेवणं उरकलेली असणार. आता तुमचे तेच अकरा म्हणजे तिथले साडेसहा. आणि साडेसहा म्हणजे त्या घरात टेबलावर ब्रेडची टोपली आलेली असते, सगळे बसलेले असतात, आणि तुमच्या लेकीचा फोन वाजतो.

तुम्ही वेळ बदललीच नाही, त्यामुळं तुमच्या लक्षात येणं अवघडच होतं. पण त्या बाईंच्या बाजूनं बघा. दोन महिने पोरगी नीट जेवायला बसत होती. नोव्हेंबर लागला आणि रोज ऐन जेवणात उठून आत जायला लागली, दार लावून परक्या भाषेत रडायला लागली. ‘नोव्हेंबर लागला आणि सगळं बिघडलं,’ असं तुम्हीच लिहिलंय. त्यांनीही मेलमध्ये तेच लिहिलंय, फक्त त्यांच्या बाजूनं.

आता त्या ‘डांके’चं.

मी तुमच्या पत्रात त्या ओळीपाशी थांबले आणि कपाळावर हात मारला. ताई, जर्मनीत कुणी काही पुढं केलं आणि तुम्ही नुसतं ‘डांके’ म्हणालात, तर त्याचा अर्थ ‘नको, आभारी आहे’ असा घेतात. हवं असेल तर ‘या, बिटे’ म्हणायचं. ‘या’ म्हणजे हो, ‘बिटे’ म्हणजे कृपया. इंग्रजीत थँक यू म्हणत हात पुढं करायची आपल्याला सवय असते, पोरीनं तेच जर्मनमध्ये केलं. माझा अंदाज असा, की सुरुवातीला ते तिच्याशी इंग्रजीत बोलत असणार, म्हणून हा घोळ झाला नाही. आता तिची जर्मन सुधारावी म्हणून जर्मन सुरू केलं असेल. ती रोज संध्याकाळी हसतमुखानं ‘नको’ म्हणतेय आणि ते तिचा मान ठेवून ताट बाजूला घेतायत. उपाशी कुणी ठेवलेलं नाही, ताई. पोरगी स्वतःच नको म्हणून उठतेय आणि खोलीत जाऊन चिवडा खातेय. चिवड्याचा वास त्या बाईंनाही येत असेल. त्यांना काय वाटत असेल याचा विचार करा.

त्यात आपल्याकडची दुसरी सवय आड येते, ती आग्रहाची. कोल्हापुरात पहिल्या ‘नको’ला कुणी ‘नको’ धरतं का? ‘नको’ म्हटलं की ‘घ्या की’, पुन्हा ‘नको’ म्हटलं की ‘एवढंसं काय होतंय, घ्या की’, आणि तिसऱ्या वेळी पळी वाटीत रिकामी झालेली असते. आपल्या पोरांना लहानपणापासून माहीत असतं की पहिलं ‘नको’ बोलायचं असतं. तिथं तसा आग्रह करत नाहीत. एकदा विचारतात, उत्तर खरं मानतात आणि विषय संपतो. त्यांच्या लेखी तोच आदर. आग्रह म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास नसणं.

मी हे एवढ्या खात्रीनं सांगतेय, कारण त्या जर्मन बाईंच्या जागी मी बसून आलेय.

काही वर्षांपूर्वी आमच्या राजारामपुरीतल्या घरी ब्राझीलचा एक मुलगा चार महिने राहायला होता. सतरा वर्षांचा, उंच, लाजरा. त्याच्या आईनं शिकवलेलं, पानात काही टाकायचं नाही. आणि आमच्याकडं रिकामं पान दिसलं की वाढायचं. तो पान पुसून स्वच्छ करायचा, मी वाढायची. तो परत स्वच्छ करायचा, माझ्या सासूबाई वाढायच्या. पांढऱ्या रश्श्याच्या चार-चार वाट्या प्यायचा बिचारा. मी शेजारणींना कौतुकानं सांगायची, पोराला आपलं जेवण काय मानवलंय बघा. तिसऱ्या आठवड्यात समन्वयकांचा फोन आला. मुलगा म्हणतो घर फार छान आहे, पण रात्रीचे आठ वाजले की पोटात गोळा येतो.

मला जो अपमान वाटला तो सांगता येत नाही. एवढं करून ही पावती? दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तोडगा काढला सासूबाईंनी. त्यांनी त्याला समोर बसवलं, ताटावर हात आडवा धरायला शिकवलं आणि ‘बास’ म्हणायला लावलं. गल्लीतल्या पोरांनी त्यात भर घातली. चौथ्या दिवशी मी भाताचा चमचा पुढं केला, तर पठ्ठ्यानं ताटावर हात धरून मोठ्यानं सांगितलं, “बास की आता!” त्या ‘की’वर आमचं अख्खं घर हसलं, आणि त्या दिवसापासून तो खरा आमच्यात आला.

तेव्हा तुमच्या लेकीला आधी ‘या, बिटे’ शिकवा. हसू नका, खरंच सांगतेय. आपल्या बोलीत मऊपणा ‘की’मध्ये असतो. ‘बसा की’, ‘दे की जरा’. वेगळं ‘कृपया’ म्हणायची गरजच पडत नाही, आणि घरात कुणी कुणाला थँक यू म्हणत नाही. म्हटलं तर आईच विचारेल, काय गं, बरं वाटत नाही का? जर्मन घरात मात्र मीठ सरकवलं तरी ‘बिटे’ आणि ‘डांके’ लागतं, सख्ख्या लेकीनंसुद्धा. तुमची लेक नको तिथं डांके म्हणत असणार आणि हवं तिथं विसरत असणार.

गार जेवणाचं मनावर घेऊ नका. त्याला ते ‘आबेंडब्रोट’ म्हणतात, संध्याकाळची भाकरी म्हणा हवं तर. अनेक जर्मन घरांत गरम जेवण दुपारी होतं आणि संध्याकाळी ब्रेड, चीज, काकडी, लोणचं. तुमच्या पोरीसाठी काही वेगळं कमी केलेलं नाही, घरमालकही तेच खातो. पण तिला ते पुरत नसेल, तर दुपारी शाळेतून आल्यावर काहीतरी गरम करून खाऊ का, हे तिनं विचारावं. फ्रिज उघडायला परवानगी लागते का, कुठल्या कप्प्यातलं घ्यायचं, हे पहिल्या आठवड्यात विचारायचं राहून जातं आणि मग पोरं महिनोन्‌महिने बिचकत फ्रिजपाशी जातच नाहीत.

तुमच्या पत्रात एक शब्द आहे, ‘परक्याच्या दारात’. तो मला सलला. आपल्याकडं पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पुढ्यात येईल ते खायचं, मान वर करायची नाही, आत स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. त्या जेवणात पोट भरत असेल, पण घर मिळत नसे. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली ती काही उगाच नाही. शिकणाऱ्या पोराला हक्काचं ताट हवं, कुणाच्या उपकाराचं नको. तुमच्या मनात लेक त्या वारावरच्या मुलासारखी बसलीय असं दिसतं, म्हणून तिला कपडे धुवायला लावले की तुम्हाला ‘राबवून घेतात’ असं वाटतं.

पण या देवाणघेवाणीची कल्पनाच मुळात वेगळी आहे. एएफएस नावाची जी जुनी संस्था आहे, ती महायुद्धांत जखमींना रुग्णवाहिकांतून वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांची. त्यांनी १९४७ पासून शाळकरी पोरांची देवाणघेवाण सुरू केली. लढून दमलेल्या देशांतली मुलं एकमेकांच्या घरात वर्षभर राहिली तर पुढचं युद्ध जरा अवघड जाईल, असा त्यांचा हिशोब. रोटरीच्या कार्यक्रमात १५ ते १९ वर्षांची मुलं जातात. अशा कार्यक्रमांत ठेवून घेणारी कुटुंबं बहुतेक ठिकाणी एक पैसाही घेत नाहीत. त्यांना भाडेकरू नको असतो आणि पाहुणाही नको असतो. वर्षभर पाहुणा कोण सांभाळेल? त्यांना घरात आणखी एक पोर हवं असतं. आणि पोराला काम सांगतात. पाहुण्याला कोण भांडी लावायला सांगतं, सांगा बघू? त्या बाई ज्या दिवशी तिला मशीन लावायला सांगायच्या बंद होतील, त्या दिवशी काळजी करा.

बाथरूमचं मात्र त्यांचं खरं आहे. आपल्या मोरीला उतार असतो, भोक असतं, बादलीभर पाणी ओतलं की आपोआप जातं. तिथल्या बाथरूममध्ये बहुतेक वेळा शॉवरच्या चौकटीबाहेर पाणी जायला वाटच नसते. सांडलेलं पाणी तिथंच राहतं, फरश्यांच्या सांध्यात मुरतं, खालच्या मजल्याच्या छताला डाग पडतो. शौचालयात पाण्याची बाटली न्यायला काही हरकत नाही, तिनं खुशाल न्यावी, फक्त बाहेर येताना जमीन कोरडी पुसून यावी. शॉवरच्या काचेवर ओढायचं रबरी पातं तिथं टांगलेलं असेल, ते शोभेचं नसतं. आणि नंतर खिडकी उघडायची. थंडी असली तरी उघडायची. बंद खोलीत ओल साचून बुरशी धरते याची त्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त धास्ती असते.

आता घर बदलायचं म्हणाल, तर त्यात लाज काहीच नाही. रोटरीत तर वर्षभरात एकापेक्षा जास्त घरी राहणं हा नेहमीचा भाग आहे. काही गोष्टी घडल्या, तर मी तुम्हाला हे एवढं पत्र लिहीत बसले नसते, आजच फोन करा म्हटलं असतं. घरातल्या कुणी नको तसा स्पर्श केला, नको ते बोललं, तिच्या आंघोळीच्या-कपड्यांच्या वेळी खोलीत आलं. पासपोर्ट काढून घेतला. खाण्याला कुलूप लावलं. पैसे मागितले. दारू पिऊन आरडाओरडा होतो. यातलं काहीही असेल तर समन्वयक, आणि समन्वयकांनी टाळलं तर त्यांच्या वरचे. तातडीच्या मदतीला तिथं ११२ आहे, आणि मुलांसाठी ११६ १११ हा मोफत नंबर. तो फोनमध्ये असू दे तिच्या, लागणार नाही तरी. तिला हे सगळं एकदा सरळ, नाव घेऊन विचारा. ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारू नका. त्याला पोरं ‘हो’च म्हणतात.

तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसत नाही. दिसतंय ते एक दमलेलं पोर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असं होतंच. नवलाई संपलेली असते, भाषा अजून तोंडात बसलेली नसते, आणि उत्तर जर्मनीत डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडतो. रंकाळ्यावर आपण सहा-साडेसहाला सूर्य बुडताना बघतो. तिथं पोरगी शाळेतून येते तोवर दिवस संपतो. त्या अंधारात आईचा फोन म्हणजे शेकोटी, हे मला कळतं. पण शेकोटीपाशी बसलेलं माणूस घरात जात नाही, ताई.

फोन बंद करा असं मी म्हणणार नाही. वेळ बदला. रविवारी आपल्या दुपारी साडेतीनला करा, तिथले अकरा वाजतात. बुधवारी आपल्या रात्री नऊला दहा मिनिटं, तिथले साडेचार. रविवारी त्यांच्या दुपारी तीन-चारला करू नका, तेव्हा बऱ्याच घरांत कॉफी-केकची वेळ असते, तिनं तिथं असायला हवं. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुन्हा पुढं जातील, तेव्हा तुमची वेळ एक तास अलीकडं घ्या. कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. मध्ये तिला बोलावंसं वाटलं तर ती मेसेज करेल. आणि फोनवर ‘काय खाल्लंस?’ हा पहिला प्रश्न नको. मलाही जड जाईल, पण नको. ‘आज कुणी हसवलं का?’ असलं काहीतरी विचारा.

सगळ्यात आधी मात्र तिनं त्या बाईंशी बोलायला हवं. तिनं, तुम्ही नाही. समन्वयकांमार्फत तर नाहीच, त्यानं गोष्ट तक्रारीची होते. संध्याकाळी भांडी लावताना बोलावं, समोरासमोर बसून नको. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. मोडक्या जर्मनमध्ये, अडलं तिथं इंग्रजीत. मला वाटत होतं डांके म्हणजे हो. आमच्याकडं पहिल्यांदा नको म्हणायची पद्धत आहे. आई त्या वेळेला फोन करते कारण तिला घड्याळाचं माहीत नव्हतं, आता करणार नाही. मला घरची आठवण येते पण मला इथं राहायचंय. एवढंच. त्या बाई हसल्या तर उत्तम, नाही हसल्या तरी त्यांना कळलेलं असेल. माझा राग दोन दिवस टिकला होता आणि मी त्यांच्यापेक्षा तापट आहे.

धाकटीला हाताशी धरायलाही सांगा. तेरा वर्षांच्या मुली फार कामाच्या असतात. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या तिथं दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की बाटलीमागं बहुतेक वेळा २५ सेंट परत मिळतात. दोघींनी पिशवी भरून जावं, येताना त्याच पैशांचं चॉकलेट आणावं. ५ डिसेंबरच्या रात्री पोरं दाराबाहेर बूट घासूनपुसून ठेवतात, सकाळी त्यात खाऊ असतो. हिनेही ठेवावा. सोळा वर्षांची आहे म्हणून लाजू नये. आणि २४ तारखेची संध्याकाळ हा त्यांचा नाताळचा मुख्य सण, आपल्या लक्ष्मीपूजनासारखा. त्या संध्याकाळी तुम्ही फोन करायचा नाही. तुमच्या लक्ष्मीपूजनाला कुणी घरातलं माणूस तासभर फोनवर घालवलं असतं तर तुम्हाला चाललं असतं का?

सासूबाईंना सांगा, परत आणण्याचा विषय फेब्रुवारीत काढू. तोवर दिवस मोठा व्हायला लागतो.

आता लाडू. नाही चालणार. युरोपीय संघाबाहेरून पार्सलनं मांस आणि दुधाचे पदार्थ पाठवायला मनाई आहे आणि तूप दुधाचंच. साजूक तुपातले डिंकाचे लाडू कस्टमवाले फेकून देतील आणि तुम्हाला महिनाभर झोप लागणार नाही. त्यापेक्षा हरभऱ्याच्या डाळीचं पीठ आणि कांदा-लसूण मसाला पाठवा. घरचा मसाला असला तरी दुकानातून नीट सील करून घ्या आणि वर काय आहे ते इंग्रजीत लिहा. भेट म्हणून पाठवलेलं पार्सल ४५ युरोपर्यंत असेल तर त्यावर शुल्क पडत नाही.

आणि चिठ्ठीत लिहा, की हे खोलीत बसून खायचं नाही. रविवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून सगळ्यांसाठी पिठलं-भात करायचा. मोहरी तडतडली की त्या बाई दचकतील, खिडकी आधी उघड म्हणावं. मसाला पहिल्या वेळी अर्धा चमचाच. आणि धाकटीनं पहिला घास घेऊन ‘डांके’ म्हटलं, तर वाढायचं थांबव. तिला पुरे झालेलं असेल.